भूपट्ट लाव्हारसावर तरंगत नाहीत. मग ते सरकतात कसे?

भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "भूकवचाचे मोठमोठे तुकडे खालच्या लाव्हारसावर तरंगतात, त्यांनाच भूपट्ट म्हणतात, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. यंदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, की दगड लाव्हारसात बुडत कसा नाही? आणि एवढ्या मोठ्या दगडाला ढकलतं कोण? मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. माझं कुठे चुकतंय?"

बाई, आधी त्या मुलीला शाबासकी द्या. तिचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. भूपट्टाला ओढून नेणारी सगळ्यात मोठी शक्ती म्हणजे त्याचं बुडणं. पण तिथवर जायचं तर मधला लाव्हारस आधी बाजूला काढावा लागेल.

भूकवचाखाली लाव्हारसाचा समुद्र नाही. कवचाच्या तळापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेलं प्रावरण हा घन खडक आहे. हे आपल्याला भूकंपांनी सांगितलं. भूकंपाच्या दुय्यम लहरी माध्यमाला आडवं हलवत पुढे जातात. घन पदार्थ असा आडवा सरकवला की मूळ जागी परत येऊ पाहतो, म्हणून लहर पुढे जाते. द्रवाला ती ओढच नसते, त्यामुळे दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात आणि बाह्यगाभ्याच्या सीमेवर थांबतात. म्हणजे पृथ्वीच्या पोटात एक मोठा द्रव थर आहे खरा, पण तो २,९०० किलोमीटर खाली आहे आणि मुख्यतः वितळलेल्या लोखंडाचा आहे. ज्वालामुखीतून जो रस बाहेर येतो तो तिथला नव्हे.

आता मुलं लगेच विचारतील, की घन आहे तर वाहतो कसा? हिमनदीचं उदाहरण द्या. तिच्या बर्फावर हातोडी मारली तर तुकडे उडतात, तरी तोच बर्फ वर्षानुवर्षं उतारावरून वाहत खाली येतो. घाईने जोर लावला तर फुटायचं आणि सावकाश लावला तर वाहायचं, असा दुहेरी स्वभाव घन पदार्थाला असू शकतो. प्रावरणाचा खडक असाच आहे. भूकंपाची लहर काही सेकंदांत जाते, तिच्या दृष्टीने तो कडक घन. लाखो वर्षांचा भार पडला की तोच खडक लापशीपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट अशा द्रवासारखा वागतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. गेल्या हिमयुगात स्कँडिनेव्हियावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन खचली आणि खालचं प्रावरण बाजूला सरकलं. बर्फ वितळून सुमारे १०,००० वर्षं झाली, पण जमीन अजून वर येतेच आहे, कारण बाजूला गेलेला खडक हळूहळू परत येतो आहे. बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेकडे हा वेग वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर आहे. स्वीडनमधलं लुलेओ हे बंदराचं गाव १६४९ मध्ये नव्या जागी हलवावं लागलं, कारण समुद्राचा तळ वर येत येत जुनं बंदर उथळ झालं होतं. तेव्हाच्या खलाशांना प्रावरण हा शब्दही माहीत नव्हता, पण त्याची करामत त्यांच्या होड्यांना कळली होती.

दुसरी दुरुस्ती: भूपट्ट म्हणजे भूकवच नव्हे. ही चूक इतकी पसरली आहे की चांगल्या पुस्तकांतही सापडते. भूकवच हा खडकाच्या जातीवरून ठरणारा थर आहे. आंद्रिया मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने १९०९ च्या एका भूकंपाच्या नोंदी तपासताना पाहिलं, की ठरावीक खोलीच्या खाली लहरी एकदम वेग घेतात. ती कवचाची तळरेषा. सागराखाली ती साधारण ७ किलोमीटरवर असते, खंडांखाली ३५ ते ४० वर, तिबेटच्या पठाराखाली ७० च्या आसपास. भूपट्ट मात्र तापमानावरून ठरतो. कवच आणि त्याच्या खालचा, थंड असल्यामुळे ताठ राहिलेला प्रावरणाचा भाग मिळून जी सुमारे १०० किलोमीटर जाडीची पाटी होते, ती भूपट्ट. तिला शिलावरण म्हणतात. साधारण १,३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तोच खडक मऊ पडतो आणि दुर्बलावरण सुरू होतं. दुर्बल आहे, द्रव नाही. काही ठिकाणी त्यात किंचित वितळलेला अंश असतो, बस.

मग लाव्हारस येतो कुठून? माणसाला वाटतं, खडक वितळवायचा म्हणजे तापवायचा. पृथ्वीच्या पोटात बहुतेक वेळा तसं होत नाही. तिथे खडक वितळतो तो दाब कमी झाल्यामुळे किंवा पाणी मिसळल्यामुळे.

दाबाचं आधी बघू. प्रेशर कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, कारण आत दाब असतो. दाब एकदम गेला तर ते भसकन उकळतं, आच वाढवावी लागत नाही. खडकाचा वितळणांकही दाबाबरोबर वाढतो. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर होतात तिथे मधली जागा भरायला खालचं गरम प्रावरण वर येतं. वर येताना त्याची उष्णता फारशी जात नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. सगळा नाही, थोडाच. हा वितळलेला अंश वर येऊन गोठला की बेसॉल्ट होतो. सागरतळावर पाण्याचा स्पर्श होताच त्याचे उशांसारखे गोळे बनतात, आणि त्यांच्या खाली तोच रस सावकाश थंड होऊन भरड कणांचा गॅब्रो बनतो. जगातल्या सगळ्या महासागरांचा तळ असा, सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या मध्यसागरी पर्वतरांगेवर घडला आहे. आइसलँडमध्ये ही रांग पाण्याबाहेर आली आहे.

जाता जाता एक गोष्ट, तुमच्या विद्यार्थिनीसाठी. अटलांटिकच्या तळाचे खोलीमापनाचे आकडे घेऊन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी थार्प नकाशा काढत होत्या. स्त्रियांना तेव्हा त्या संशोधननौकेवर प्रवेश नव्हता, म्हणून आकडे पुरुषांनी आणायचे आणि रेषा त्यांनी काढायच्या. पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खचदरी सलग दिसते, तळ तिथे फाटतो आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते बायकी बोलणं म्हणून उडवून लावलं. नंतर भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली, तर ती नेमकी त्या दरीत पडली. तेव्हा हीझन यांनाही मानावं लागलं.

आता ढकलण्याचा प्रश्न. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा त्यांचा घोळ इथेच झाला होता. पुरावे भक्कम होते: समुद्राच्या दोन्ही काठांवर सारखे खडक, सारखे जीवाश्म. पण खंडांना सरकवणारं बळ म्हणून त्यांनी पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं बळ आणि भरती-ओहोटीचं बळ पुढे केलं. दोन्ही किती तोकडी आहेत हे गणिताने सहज दाखवता येत होतं, आणि हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्यांनी ते दाखवलंही. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वारले. दरम्यान आर्थर होम्स यांनी प्रावरणात अभिसरण प्रवाह असावेत असं सुचवलं होतं, पण खंडांचं सरकणं बहुतेकांना पटलं ते १९६० च्या दशकात. हॅरी हेस यांनी सागरतळ पसरतो असं मांडलं. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं आणि प्रत्येक वेळी गोठणारा बेसॉल्ट त्याची नोंद ठेवतो, म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे जुळते पट्टे दिसतात.

होम्स यांचे प्रवाह पाठ्यपुस्तकात आले ते एका आकृतीतून: खाली गोल फिरणारे बाण आणि त्यांच्यावर सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखे बसलेले खंड. मी स्वतः विद्यार्थी असताना हीच आकृती घोटली आहे. ती पूर्ण खोटी नाही, पण तिने फसगत होते. भूपट्ट प्रवाहावर बसलेला प्रवासी नाही. तो स्वतःच त्या प्रवाहाचा वरचा, थंड झालेला भाग आहे.

सागरी भूपट्ट जन्मतो तेव्हा गरम, पातळ आणि हलका असतो. पर्वतरांगेवर समुद्र जेमतेम अडीच किलोमीटर खोल असतो. भूपट्ट रांगेपासून दूर जातो तसा निवतो, आकसतो. त्याच्या तळाला प्रावरणाचा आणखी थोडा थर थंड होऊन चिकटतो, आणि तो जाड नि जड होत खाली बसतो. जुन्या सागरतळावर पाणी साडेपाच ते सहा किलोमीटर खोल भरतं ते यामुळेच. काही कोटी वर्षांत हा भूपट्ट खालच्या गरम दुर्बलावरणापेक्षा जड होतो. तुमची विद्यार्थिनी म्हणते तसा तो बुडायला हवा. संधी मिळाली की तो बुडतोच.

बुडायला सुरुवात झाली की गंमत पुढे आहे. खाली जाताना दाब वाढतो आणि कवचातल्या बेसॉल्टचं रूपांतर एक्लोगाइट नावाच्या खडकात होतं. हा दिसायला फार देखणा, हिरव्या पायरोक्सीनमध्ये जडवलेले लाल गार्नेटचे मणी. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे ३ पट, एक्लोगाइटची साडेतीनच्या जवळ. प्रावरणाचा खडक, पेरिडोटाइट, ३.३ च्या आसपास. म्हणजे आत्तापर्यंत प्रावरणापेक्षा हलकं असलेलं कवचही आता त्याहून जड होऊन खाली ओढू लागतं. पलंगावरची चादर एका बाजूने जास्त लोंबली, की लोंबणारा भाग उरलेल्या चादरीला ओढून नेतो. भूपट्टाचं हेच होतं. लोंबणारा तुकडा आधी, मागून सगळा भूपट्ट.

याची कसोटीही साधी आहे. १९७५ मध्ये फोर्सिथ आणि उयेदा यांनी वेगवेगळ्या भूपट्टांचे वेग त्यांच्या कडांशी ताडून पाहिले. खालून वाहणारा प्रवाह भूपट्टाला वाहून नेत असता, तर भूपट्टाच्या आकाराचा वेगाशी संबंध दिसायला हवा होता. तो दिसला नाही. ज्यांच्या कडेचा मोठा भाग खोल बुडतो आहे, ते पॅसिफिक, नाझ्का, कोकोस असे भूपट्ट वेगवान. युरेशिया, आफ्रिका यांना असा मोठा लोंबता तुकडा नाही, ते संथ. पर्वतरांगेच्या उतारावरून भूपट्ट घसरतो त्याचाही थोडा जोर लागतो, आणि प्रावरणातले प्रवाह कुठे मदत करतात तर कुठे अडवतात. पण मुख्य गाडा ओढतो तो बुडणारा तुकडाच. म्हणून "ढकलतं कोण" याला माझं उत्तर: ढकलण्यापेक्षा ओढणं मोठं.

वेग फार नाहीत. अटलांटिक वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटरने रुंदावतो, आपली नखं वाढतात जवळजवळ त्याच गतीने. पूर्व पॅसिफिकच्या रांगेवर काही ठिकाणी हाच आकडा १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. आता हे सगळं उपग्रहांच्या मदतीने थेट मोजता येतं, त्यामुळे "भूपट्ट खरंच सरकतात का" या वादात पडायचं कारण उरलेलं नाही.

बुडालेला तुकडा लगेच वितळून जात नाही. तो थंडच खाली उतरतो, आणि तो किती खोल गेला हे त्याच्यात होणारे भूकंप सांगतात. जपानमध्ये कियो वादाती यांनी दाखवलं की भूकंपांची केंद्रं समुद्राकडून जमिनीकडे जाताना तिरपी खोल खोल होत जातात. जगभर ती सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत सापडतात. तुकडा १०० किलोमीटरच्या आसपास पोहोचला, की त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी बाहेर पडून वरच्या गरम प्रावरणात शिरतं. वितळण्याचा दुसरा मार्ग म्हणालो तो हा. पाण्याने खडकाचा वितळणांक शेकडो अंशांनी उतरतो आणि शिलारस तयार होतो. अँडीज, जपान, इंडोनेशिया इथल्या ज्वालामुखींच्या रांगा खंदकापासून, म्हणजे भूपट्ट जिथे बुडू लागतो तिथल्या समुद्रतळावरच्या खोल चरापासून, काही अंतर आत, समांतर उभ्या असतात त्या यामुळे. त्यांच्या रसात पाणी भरपूर, म्हणून ते स्फोटक. हवाईसारख्या ठिकाणी पाणी कमी आणि रस पातळ, म्हणून तो बहुधा शांतपणे वाहतो. (हवाई भूपट्टाच्या कडेला नाही, मध्यावर आहे, ती खालून वर येणाऱ्या गरम खडकाची वेगळी गोष्ट आहे, इथे तिच्यात शिरत नाही.)

आता खंड. ते का बुडत नाहीत?

त्यांचा खडक हलका आहे, एवढंच उत्तर आहे, पण ते सापडलं कसं हे सांगण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात भारताच्या महासर्वेक्षणात कल्याणा आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं: जमिनीवर त्रिकोण मोजत, आणि ताऱ्यांवरून (यात सरळ उभी दिशा ओळंब्यावरून ठरते). दोन्हींत कोनाच्या सुमारे ५ सेकंदांचा फरक आला. कोलकात्यातले धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांना वाटलं, की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे खेचत असणार. त्यांनी १८५५ मध्ये गणित मांडलं, तर फरक जवळजवळ १६ सेकंदांचा यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता. जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी खुलासा केला: पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांत जो जास्त वर दिसतो तो खालीही जास्त खोल असतो. पर्वताखालीही हलक्या खडकाचं खोल मूळ आहे, त्याने तिथला जड खडक हटवला आहे, म्हणून ओढ कमी. एअरी यांच्या मते खाली लाव्हारसच होता. बाई, तुमच्या चुकीला चांगली १७० वर्षांची परंपरा आहे!

खंडांचा खडक सरासरीने ग्रॅनाइटकडे झुकतो, घनता २.७ ते २.८. प्रावरणाच्या ३.३ पुढे तो इतका हलका, की कितीही थंड झाला तरी बुडत नाही. बुडणाऱ्या सागरी भूपट्टामागे खंड जोडलेला असेल, तर तो ओढला जातो आणि खंदकापाशी येऊन अडतो. भारत आणि युरेशियाचं हेच झालं. मधला टेथिस सागर बुडत गेला, त्याच्यामागे भारत ओढला गेला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन न बुडणारे तुकडे समोरासमोर आले. एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे तो त्या ओढाताणीत वर गेलेला.

"बुडत नाही" यालाही एक अपवाद आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. १९८४ मध्ये ख्रिस्तियन शोपँ यांना आल्प्समधल्या दोरा मायरा भागात, मुळात खंडाच्या असलेल्या खडकात कोएसाइट सापडलं. हे क्वार्ट्झचंच एक रूप, पण ते बनायला सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोलीचा दाब लागतो. म्हणजे खंडाची कड सागरी तुकड्याला बांधलेली असल्यामुळे तेवढी खाली खेचली गेली, मग सुटली, आणि पाण्याखाली दाबून धरलेला चेंडू हात सुटताच उसळावा तशी वर आली. लडाखमधल्या त्सो मोरिरीच्या खडकांतही कोएसाइट मिळालं आहे.

बुडणं आणि न बुडणं यांतला फरक वयात दिसतो. महासागरांत पसरलेला सर्वांत जुना तळ पश्चिम पॅसिफिकमध्ये, सुमारे १८ कोटी वर्षांचा. त्याआधीचा जवळजवळ सगळा गिळला गेला. खंडांवर कॅनडातला अकास्ता नाइस हा खडक सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या वालुकाश्मातले झिरकॉन या खनिजाचे काही कण ४४० कोटींच्या घरात जातात. ज्या खडकात ते कण वाढले तो केव्हाच झिजून वाळू झाला, वाळूचा पुन्हा खडक झाला; कण मात्र राहिले.

फळ्यावर आकृती काढाल तेव्हा मापात काढा. पृथ्वीची त्रिज्या ६४ सेंटिमीटर धरली तर १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. भूपट्ट १ सेंटिमीटर जाडीचा येईल, खंडाचं कवच ४ मिलिमीटरचं, आणि सागरी कवच ०.७ मिलिमीटरचं, खडूच्या रेघेपेक्षा बारीक. त्याखाली प्रावरण रंगवायला लाल खडू घेऊ नका, त्यानेच मुलांच्या डोक्यात लाव्हारस शिरतो. माझ्या टेबलावर बेसॉल्टचा एक तुकडा आहे, त्यात प्रावरणातून तसाच वर आलेला पेरिडोटाइटचा गोळा अडकला आहे. तो ऑलिव्हिनमुळे कोवळ्या पानासारखा हिरवा दिसतो. जागेवर, १,३०० अंशांना, तो तापून लालबुंदच असणार, हे तुमची ती विद्यार्थिनी नक्की काढेल. तरी खडू हिरवाच घ्या.